प्रवेश मिळाला, पण शिक्षण?

आपली एखादी लेक डॉक्टर होऊन स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला लागली, की आपण सत्कार करून मोकळे होतो. आम्हीही त्यातलेच. पण खरी परीक्षा तिथून पुढे असते.

3 वर्षांचे हे शिक्षण पुस्तकातून होत नाही. रात्र-रात्र प्रसूतिगृहात उभे राहून अडलेली बाई कशी सोडवायची, सिझेरियन कसे करायचे, हे वरिष्ठांच्या हाताखाली शिकावे लागते. त्यांनी हात लावू दिला तरच!

तडवी भिल्ल या आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात याच विषयाच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. 22 मे 2019 रोजी त्यांनी जीवन संपवले. वरिष्ठ जातीवरून छळतात, प्रसूती व शस्त्रक्रिया करू देत नाहीत, असा कुटुंबीयांचा आरोप. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम. पण आपण काय शिकलो?

आम्ही पडलो कारकून. नोंद नाही तो व्यवहार नाही, एवढे आम्हाला कळते. निवासी डॉक्टरला केलेल्या कामाचे लॉगबुक ठेवावे लागते. नाकारलेल्या कामाचीही तारीखवार नोंद मुलीने वहीत ठेवावी. तक्रार तोंडी नको. अधिष्ठात्यांकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात 1999 पासून आहे, ॲट्रॉसिटी कायदा 1989 चा आहे.

आणि आई-वडिलांनो, फोनवर "जेवलीस का?" एवढेच विचारू नका. "आज काय करायला मिळाले?" हेही विचारा. उत्तर टाळले, तर दुसऱ्या दिवशी गाडी पकडा.