फ्लूनंतरचा ‘दुसरा ताप’ आणि घशातील युद्ध

पारनेर, खास प्रतिनिधी

पौष पौर्णिमेला कोरठण खंडोबाची आणि चैत्रात निघोजच्या मळगंगेची यात्रा भरते. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेले पारनेरकर या निमित्ताने गावी येतात. महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाचा एक जोर जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात असतो. त्यामुळे शहरातून येणाऱ्या गाड्यांत सामानाबरोबर आणखी काय येते, हे सांगायला नको. मग ताप येतो आणि पहिल्याच दिवशी प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, पट्टी सुरू होते. तालुक्यात काय किंवा पुण्यात काय, ही सवय सारखीच आहे. विषाणूवर या औषधाचा काडीचाही परिणाम होत नाही, हे आता बहुतेकांनी ऐकलेले आहे. ते औषध नेमके कोणाला मारते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

या प्रश्नाची मुळे एका जुन्या चुकीत आहेत. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये फ्लूच्या रुग्णांच्या घशात एक जिवाणू पाहिला आणि तोच रोगाचे कारण असल्याचे जाहीर केले. लंडनमध्ये १९३३ साली खरा विषाणू हाती लागला, तरी त्या जिवाणूला ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झा’ हे नाव चिकटले ते कायमचेच. फायफर चुकला खरा, पण पुरता नव्हे. १९१८ च्या साथीत मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक बळी घेतल्याचे अंदाज आहेत. त्याच वर्षी दख्खनमध्ये अवर्षण होते आणि १९२१ च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली दिसली. त्या साथीतील सैनिकांच्या जतन केलेल्या फुप्फुसांचे नमुने अमेरिकी शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले. विषाणूने वाट मोकळी केली आणि बहुसंख्य मृत्यू त्यामागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, असा निष्कर्ष त्यांनी २००८ मध्ये मांडला.

हे जिवाणू बाहेरून येतातच असे नाही. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस, हिमोफिलस ही मंडळी अनेक निरोगी माणसांच्या नाकाघशात मुक्कामाला असतात. जागा आणि अन्न तुटपुंजे, तेव्हा भांडण अटळ. न्यूमोकोकस हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. जखम धुण्यासाठी वापरले जाणारे हेच ते रसायन. प्रयोगशाळेतील बशीत त्याने हिमोफिलस आणि स्टॅफिलोकोकस मरतात. हिमोफिलस याचे उट्टे वेगळ्या रीतीने काढतो. तो शरीराच्या पांढऱ्या पेशींना जागे करतो आणि त्या न्यूमोकोकसवर तुटून पडतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्याशिवाय न्यूमोकोकसचे वाण आपल्याच जातभाईंवर ‘बॅक्टिरिओसिन’ नावाची विषारी प्रथिने सोडतात. विष बनवणारा वाण त्यावरचा उताराही स्वतःजवळ बाळगतो. काही वाण तर विष न बनवता फक्त उतारा ठेवतात आणि फुकट तग धरतात. राजकारणाचे वार्तांकन केलेल्या कोणालाही हा प्रकार अपरिचित वाटू नये!

प्रत्यक्ष नाकातील चित्र बशीतल्यापेक्षा गुंतागुंतीचे असते. तरीही कोणा एकाची सत्ता होऊ न देण्यात या चकमकींचा वाटा आहे. फ्लूचा विषाणू हा तोल बिघडवतो. श्वासनलिका झाडून काढणाऱ्या सूक्ष्म केसांचे अस्तर तो उद्ध्वस्त करतो. पेशींवरील शर्करा सुटी होऊन न्यूमोकोकसला आयते खाद्य मिळते. विषाणूशी लढताना शरीराची जिवाणू गिळण्याची क्षमताही काही दिवस मंदावते. अशा वेळी घेतलेले अनावश्यक प्रतिजैविक निरुपद्रवी शेजाऱ्यांचाही फडशा पाडते आणि त्या औषधाला दाद न देणाऱ्या वाणाला रान मोकळे करून देते.

मार्च २०२३ मध्ये एच३एन२ चा जोर असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने साध्या ताप-खोकल्यात प्रतिजैविके टाळण्याचे आवाहन केले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत नगरमध्ये एच३एन२ आणि कोविडची एकत्रित बाधा झालेल्या तरुणाचा मृत्यू झाला आणि जिल्हाभर भीती पसरली. भीतीपोटी माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो. यात गंमत अशी, की विषाणूवर खरोखर चालणारे ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडते. स्वाइन फ्लूच्या २००९ च्या साथीत ते सरकारी यंत्रणेबाहेर मिळणे दुरापास्त होते. २०१७ मध्ये त्याची विक्री चिठ्ठीवर सर्वसाधारण दुकानांत खुली झाली. गर्भवती, वृद्ध, मधुमेही आणि दमेकरी यांच्यासाठी पहिल्या दिवशीचा प्रश्न या औषधाचा असायला हवा.

प्रतिजैविकाची वेळ येते ती नंतर. ताप उतरून रुग्ण सावरू लागतो आणि दोन-चार दिवसांत ताप पुन्हा चढतो. दम लागतो, छातीत दुखते, थुंकी गढूळ किंवा रक्तमिश्रित होते. जुन्या डॉक्टरांना ठाऊक असलेला ‘दुसरा ताप’ तो हाच. येथे उशीर जिवावर बेततो. मात्र पहिल्या दिवशीच पट्टी संपवून बसलेला रुग्ण आणि त्याचे घरचे ‘औषध तर झाले’ म्हणून घरीच थांबतात.

न्यूमोकोकसविरुद्धची लस २०२१ पासून राज्यात बालकांना सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात सरकारी केंद्रांत मोफत मिळते. यात्रेला मुंबईहून आलेल्या नातवंडाचे लसीकरण त्यामुळे बहुधा झालेले असते. त्याला मांडीवर घेणाऱ्या आजी-आजोबांना मात्र ही लस आणि दरवर्षीची फ्लूची लस सहसा स्वतःच्या खर्चानेच घ्यावी लागते.