मोठी म्हणून गुन्हेगार

छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी नवजात बाळात मोठीच असते. अमेरिकेत मात्र तिचे मोठेपण हाच आजार ठरला. अचानक दगावणाऱ्या बाळांचे खापर तिच्यावर फुटले आणि 1907 मध्ये सिनसिनाटीत क्ष-किरणांनी ती आक्रसवण्याचा उपचार सुरू झाला. पुढे धडधाकट बाळेही त्यातून सुटली नाहीत. चूक मोजमापाची होती. शवविच्छेदनाला येणारे देह बहुधा गरिबांचे, उपासमारीने आणि दीर्घ आजाराने ग्रंथी सुकलेले. तेच प्रमाण मानले गेले! 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी मुलांमधल्या थायरॉइड कर्करोगाचा संशय या किरणांवर घेतला. रोगप्रतिकारासाठी थायमस लागतेच, हे जॅक मिलर यांनी लंडनमध्ये दाखवले ते 1961 मध्ये.

त्याच अमेरिकेत विस्कॉन्सिनने 2008 मध्ये बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून थायमसमध्येच परिपक्व होणाऱ्या टी-पेशींची कमतरता हेरणारी चाचणी सुरू केली. 2018 अखेर ती सर्व 50 राज्यांत पोहोचली. आपल्याकडे नवजातांच्या रक्तचाचण्या अजून सार्वत्रिक नाहीत. मेळघाट-नंदुरबारच्या प्रसूतिकक्षापर्यंत त्या न्यायला किती खर्च येईल, हे सरकारने निदान मांडावे तरी.