यकृताच्या खात्यात जमा कोठून होते?

वार्षिक आरोग्यतपासणीच्या अहवालात ‘ग्रेड एक फॅटी लिव्हर’ ही ओळ दिसली, तर दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राम येथील कार्यालयांत आज फारसे कोणी दचकत नाही. ‘अहो, ते सगळ्यांनाच असते’ असे म्हणत अहवाल कपाटात ठेवला जातो. या म्हणण्यात दुर्दैवाने बरेच तथ्य आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी भारतातील अनेक पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार मद्यपानाशी संबंध नसलेला हा विकार प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांत आढळतो. परंतु एखादी गोष्ट सर्वत्र आढळते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. यकृतात पाच टक्क्यांहून अधिक मेद साठला, की हा विकार जडला असे मानतात. तो दीर्घकाळ मूक राहतो. मात्र काही रुग्णांत पुढे दाह, सिरॉसिस आणि कर्करोगापर्यंत मजल जाते. मधुमेह व हृदयविकार यांच्याशीही त्याचे निकटचे नाते आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला, तो उगाच नव्हे.

अशा वेळी मिळणारा सर्वपरिचित सल्ला म्हणजे, ‘तेल-तूप बंद करा.’ माझ्या मते हा सल्ला अर्धाच आहे, आणि अर्ध्या सल्ल्याने पथ्य होते, पण गुण येत नाही.

बँकेच्या भाषेत बोलायचे, तर प्रथम खात्यातील जमा कोठून होते ते पाहावे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा रुग्णांच्या यकृतातील मेदाचा माग काढला. त्यातील सुमारे ५९ टक्के मेद शरीरातील चरबीच्या साठ्यांतून रक्तावाटे आला होता. २६ टक्के यकृताने स्वतःच, मुख्यतः साखर व पिष्टमय पदार्थांपासून, तयार केला होता. ताटातील तेला-तुपातून थेट आलेला वाटा जेमतेम १५ टक्के होता. म्हणूनच तूप सोडून गोड चहा, शीतपेये व मिठाई चालू ठेवणाऱ्याचे यकृत हलके होत नाही. एक दार बंद केले, तरी दुसरे सताड उघडेच राहते.

मग तेला-तुपाला पूर्ण मुभा समजावी काय? मुळीच नाही. येथे प्रमाणाइतकाच प्रकारही महत्त्वाचा ठरतो. स्वीडनमधील उप्साला येथे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. तरुण, सडपातळ व्यक्तींना सात आठवडे रोजच्या आहाराशिवाय मफिन केक खाऊ घालण्यात आले. एका गटाचे पाम तेलाचे, दुसऱ्याचे सूर्यफूल तेलाचे. दोन्ही गटांचे वजन सारखेच वाढले, पण यकृतातील मेद पाम तेलाच्या गटात कितीतरी अधिक वाढला. फिनलंडमधील २०१८ च्या एका अभ्यासात तीन आठवडे रोज एक हजार जादा कॅलरी देण्यात आल्या. त्या संपृक्त मेदातून मिळाल्या तेव्हा यकृतातील मेद ५५ टक्क्यांनी वाढला, साध्या शर्करेतून मिळाल्या तेव्हा ३३ टक्क्यांनी आणि असंपृक्त मेदातून मिळाल्या तेव्हा १५ टक्क्यांनी. सारांश असा, की अति खाणे कोणतेही वाईटच. पण संपृक्त मेद व साखर यांचा हात सर्वांत जड आहे.

दिल्लीच्या खाद्यजीवनाकडे या नजरेने पाहावे. छोले-भटुरे, कढईत तळलेले पराठे, हिवाळ्यातील गाजरहलवा. यांत मेद आणि मैदा किंवा साखर हातात हात घालून येतात. आपल्या मराठी घरांतील सणासुदीचे ताटही याला अपवाद नाही. तथापि वरणभातावरील चमचाभर तूप हा खरा आरोपी नव्हे. त्यात संपृक्त मेद सुमारे तीन ग्रॅम असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात त्याची मर्यादा सुमारे २२ ग्रॅम येते. ती ओलांडली जाते ती बहुधा नकळत, चहासोबतच्या बिस्किटांतून, फरसाणातून आणि बाहेरच्या तळणातून. त्यांत बहुधा पाम तेल असते, आणि त्यातील जवळजवळ निम्मा मेद संपृक्त असतो. ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण संपृक्त मेदाचा प्रश्न त्याने सुटत नाही. मोहरी किंवा शेंगदाण्याचे तेल तुलनेने बरे, तरीही हात राखूनच वापरावे.

जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत खाद्यपदार्थांतील तेल व साखर दर्शविणारे फलक लावण्याचे आवाहन केले. हे पाऊल योग्यच आहे. माझी सूचना एवढीच, की अशा फलकावर ‘किती’ याबरोबर ‘कोणते’ हेही लिहावे. उपाहारगृहातील कढईत कोणते तेल आहे, हे विचारण्याचा हक्क खाणाऱ्याला असावा. शुल्काचा तपशील विचारणारा ग्राहक जागरूक मानला जातो. मग वेष्टनावरील संपृक्त मेदाचा व साखरेचा आकडा वाचणारा चिकित्सक का म्हणवला जावा?

सर्वांत दिलासादायक बाब ही, की हे खाते आरंभीच्या अवस्थेत पूर्ववत करता येते. अधिक वजन असलेल्यांनी ते पाच टक्के घटविले, तरी यकृतातील मेद कमी होऊ लागतो. सात ते दहा टक्के घटल्यास दाहही ओसरू शकतो. ऐंशी किलो वजनाच्या माणसासाठी ही पहिली पायरी अवघी चार किलोंची आहे. तेव्हा ‘सगळ्यांनाच असते’ असे म्हणून अहवाल कपाटात ठेवण्यापूर्वी तो वैद्यांना दाखवावा, आणि घरच्या तेलाच्या डब्याबरोबर साखरेच्या डब्याचाही हिशेब मांडावा. थकबाकी लहान असते, तेव्हाच ती फेडणे सोपे असते.