सिवनीचे पठाण दिवाण

अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील प्रतापगडाच्या यात्रेस महाशिवरात्रीला मोठी गर्दी लोटते. तेथील दर्ग्यासही लोक भाविकपणें जातात. आमच्या गोंदियाकडील वाचकांपैकीं कित्येक मंडळी मुलांबाळांसह तेथें जाऊन आलीं असतील. परंतु शेजारच्या भंडारा जिल्ह्यांतील सानगडीच्या किल्ल्याकडे क्वचितच कोणी वळतें. आम्हांस मात्र त्याच किल्ल्याचें अगत्य अधिक वाटतें.

ज्यानें १७०२ सालीं नागपूर वसविलें त्या देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या पदरीं राजखान नांवाचा एक पठाण होता. शिकारींत राजाचे प्राण वांचविल्याबद्दल त्यास डोंगरतालची जहागीर मिळाली, अशी कथा सांगतात. अंबागडचा किल्ला त्यानेंच बांधिला. ह्याच सुमारास दोस्त महंमदखान ह्या ओरकझाई पठाणानें भोपाळचें स्वतंत्र राज्य स्थापिलें; राजखान मात्र चाकरींतच राहिला.

पुढें देवगडच्या राजपुत्रांत कलह माजला आणि १७४३ मध्यें रघूजी भोसल्यांनीं तें राज्य आपल्या ताब्यांत घेतलें. धनी नाममात्र उरला. अशा वेळीं राजखानाचा मुलगा महंमदखान सानगडींत दारें लावून बसला, आणि देवगडच्या नांवानें त्यानें तो किल्ला तीन वर्षें लढविला! रघूजींनीं अखेर त्याच्या इमानाची कदर केली. किल्ला सोडल्यास सिवनी प्रांत व दिवाणगिरी देऊं, असें कळविलें. त्यानें तें मान्य केलें. ह्यास कोणी फितुरी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या धन्याकरितां झुंजावयाचें त्याचें राज्यच उरलें नव्हतें. शिवाय रघूजींचें मनही पाहावें: ज्यानें आपणांस तीन वर्षें अडविलें, त्याच्याच हातीं त्यांनीं प्रांत सोंपविला.

महंमदखानानें छपारा येथें ठाणें केलें. तेथून वाहणारी वैनगंगाच पुढें आपल्या तिरोड्याकडे येते. १७७४ त महंमद अमीनखानानें दिवाणांचें ठाणें सिवनीस हालविलें व तेथें वाडा बांधिला. आजचें शहर त्यामुळेंच नांवारूपास आलें. त्याच्या मागून आलेला महंमद जमानखान दुबळा निघाला. छपारा पेंढाऱ्यांनीं लुटलें. दुसऱ्या रघूजींच्या कारकीर्दींत कारभार काढून घेऊन प्रांत एका गोसाव्यास इजाऱ्यानें देण्यांत आला. पूर्वजाचें इमान वंशजाच्या वसुलास पुरलें नाहीं, हेंच खरें.

१८१८ त सिवनी इंग्रजांकडे गेली. घराण्याकडे दिवाण ही पदवी आणि मालगुजारीचीं गांवें तेवढीं राहिलीं. मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारीही संपली. ज्या वाचकांच्या घरीं आजोबांच्या काळचे वसुलाचे कागद अजून पेटींत पडून आहेत, त्यांस तें निराळें सांगावयास नको.