ओसरीवरचा मुंडकार

मामलेदार कचेरीच्या ओसरीवर पिवळा पडलेला कागद घेऊन बसलेला मुंडकार गोव्यात कोणास नवा नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यास घराबाहेर काढण्यापासून संरक्षण दिले. घर व भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. परंतु भाटकाराच्या बाजूने वकील उभा असतो, आणि मुंडकार पुढील तारीख विचारून घरी परततो. दिवसाची मजुरी तेवढी बुडते.

अशा माणसास मोफत वकील मिळावा, हे तत्त्व आता वादातीत आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती व कोठडीतील कैदी यांना तर उत्पन्नाची अटही नाही. शिवाय पुष्कळांस ठाऊक नसते की, या कायद्यातील 'न्यायालय' या शब्दात महसुली न्यायालये व अर्धन्यायिक अधिकारीही येतात. म्हणजे मामलेदारापुढील दाव्यासही ही मदत मागता येते. मग ओसरी ओस का पडत नाही?

अर्ज मंजूर होणे आणि अनुभवी वकील मिळणे या भिन्न गोष्टी होत. मानधन तुटपुंजे, म्हणून नाणावलेले वकील तिकडे सहसा फिरकत नाहीत. गरिबाच्या दाव्यावर नवशिके हात बसवून घेतात. त्या तरुणांस आम्ही दोष देत नाही. निदान ते येतात तरी! मिरामारच्या साळगावकर विधी महाविद्यालयाचे विद्यार्थीही गावोगावी कायद्याचा सल्ला पोहोचवीत आले आहेत. पण विद्यार्थ्यास वकिली करता येत नाही. तो मक्ता १९६१ च्या कायद्याने वकिलांकडेच दिला आहे, आणि निर्धनास विनामूल्य साहाय्य हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक होय, असे बार कौन्सिलचे नियमच सांगतात.

१९७९ साली कपिला हिंगोरानी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मधील लेख वाचले आणि बिहारच्या कच्च्या कैद्यांसाठी सर्वोच्च न्यायालय गाठले. गुन्हा शाबीत होऊनही जितकी शिक्षा झाली नसती, त्याहून अधिक काळ त्यांतील कित्येक जण केवळ खटल्याची वाट पाहत तुरुंगात होते. हुसैनारा खातून प्रकरण म्हणून ते गाजले, त्यातच न्या. भगवती यांनी मोफत वकिलाचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात पाहिला. त्या थोर निकालाच्या मुळाशी एका वकीलबाईंनी आपण होऊन दिलेला वेळ होता.

गोव्यातील ज्येष्ठ वकिलांकडे आमचे मागणे याहून पुष्कळ लहान आहे. प्रत्येकाने वर्षाकाठी मुंडकाराचे एक प्रकरण घ्यावे, मात्र अपिलापर्यंत तडीस न्यावे. जुने पोर्तुगीज दस्तऐवज वाचणारी पिढी सरत चालली आहे. ज्यांना ते वाचता येतात त्यांनी तरी आता घरी बसू नये. इंग्रजीत काय ठरले ते पक्षकारास त्याच्या भाषेत सांगावे. आणि पेडणे, सत्तरी, काणकोण येथे कोणता वकील कोणत्या वारी बसणार, हे प्राधिकरणाने कचेरीच्या फळ्यावर मराठी-कोंकणीत ठळक लिहावे.