गळकें घर आणि कोरडी वही

घरांतील उणिवा मोजावयास कोणालाहि शिकवावें लागत नाहीं. दहा-बारा वर्षांचा मुलगा एखाद्या सुखवस्तु मित्राकडे एक वेळ जेवून आला कीं, आपल्या घरांत काय नाहीं याची यादी त्याला तोंडपाठ होते. घरांत काय आहे, हें मात्र शिकावें लागतें. आणि तें शिकण्यास मला स्वतःला बरींच वर्षें लागलीं. म्हणून विद्यार्थिबंधुभगिनींसाठीं हे चार शब्द.

आमचें घर कोंकणांत, दोन खोल्यांचें व कौलारू होतें. दरवर्षीं घर शाकारण्याइतके पैसे हातीं नसत. त्यामुळें पाऊस लागला कीं पातेलीं, बादल्या व पराती गळतीखालीं मांडाव्या लागत. वडिलांचा स्वभाव तापट. पाहुण्यांसमक्षहि ते आम्हांला वाटेल तसें बोलत. वर्गांतील मित्र "तुझ्याकडे येतों" म्हणाले कीं, "सध्यां घराचें काम चाललें आहे," असें मी सांगत असें. तें काम दोन वर्षें चाललें होतें! थोडक्यांत, मला माझ्या घराची लाज वाटे.

पुढें शिक्षणाकरितां मी वसतिगृहांत राहूं लागलों. श्रावणांत चार दिवस घरीं आलों असतां वडिलांना ताप होता. माझें अंथरूण आईनें नेहमींप्रमाणें माळ्याखालच्या कोपऱ्यांत घातलें होतें. मीं आग्रहानें वडिलांस तेथें निजविलें व स्वतः त्यांच्या जागीं पडलों. मध्यरात्रीं तोंडावर थेंब पडला. सरकलों, तों पायावर पडूं लागला. पुन्हां सरकलों, तों उशी भिजली. पहांटेपर्यंत मी जागाच होतों, आणि तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या घरांत न गळणारा असा एकच कोपरा होता, व माझें अंथरूण आणि माझें दप्तर इतकीं वर्षें त्याच कोपऱ्यांत ठेवलें जात होतें. साऱ्या शालेय जीवनांत माझी एकहि वही भिजली नव्हती. घर गळतें हें मला रोज दिसत होतें. वही कोरडी आहे हें एकदांहि दिसलें नव्हतें.

यावर कोणी विचारील, "मग घरांतील दोषांकडे डोळेझांक करावयाची काय?" माझें उत्तर, मुळींच नाहीं. छप्पर गळत असेल तर तें गळतें असेंच म्हटलें पाहिजे. नाहींतर तें कधीं दुरुस्त व्हावयाचें? वडिलांचें रागावणें त्या रात्रीनंतरहि मला योग्य वाटलें नाहीं, आणि तसें मीं त्यांना नम्रपणें सांगितलेंहि. ज्या घरांत मुलांना मारहाण होते किंवा दारूपायीं चूल पेटत नाहीं, तेथील मुलानें उपकार स्मरून मुकाट्यानें सोसावें, असें मी कदापि म्हणणार नाहीं. त्यानें विश्वासाच्या शिक्षकांना सांगावें, किंवा मुलांच्या मदतीसाठीं असलेल्या १०९८ या दूरध्वनि-क्रमांकाचा उपयोग करावा. कृतज्ञता म्हणजे मौन नव्हे.

मग कृतज्ञता म्हणजे काय? याचें एक थोर उदाहरण आपल्या भाषेंतच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें' हें पुस्तक १९३४ सालापासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालें. वडिलांचें सोवळ्याचें वेड, त्यापायीं साऱ्या घराची झालेली ओढाताण, पतीचा लहरी व तापट स्वभाव, पैशाची कायमची चणचण, १८९५ सालीं टिळकांनीं धर्मांतर केल्यावर उभयतांची झालेली ताटातूट, यांपैकीं कांहींहि त्यांनीं लपविलें नाहीं. तरीहि पुस्तक मिटतांना वाचकाच्या मनांत त्या माणसांविषयीं तिरस्कार उरत नाहीं. उरतो तो जिव्हाळा. दोष आणि प्रेम हीं दोन्हीं एकाच पानावर खरीं असूं शकतात, हें त्या बाईंनीं दाखवून दिलें. माझ्या मतें खरी कृतज्ञता ती हीच.

आतां पालकांसही एक विनंति. "आम्हीं तुमच्यासाठीं एवढें केलें," असें वरचेवर ऐकविल्यानें मुलें कृतज्ञ होत नाहींत, ऋणको होतात; आणि सावकार कोणाला आवडला आहे? माझ्या आईनें त्या कोपऱ्याचा उच्चारहि कधीं केला नाहीं. तिनें तो बोलून दाखविला असता, तर मीं कदाचित् "बरें" म्हणून पान उलटलें असतें. मात्र आपल्याकडून चूक झाली असतां "माझें चुकलें" एवढें आईबापांनीं म्हणावें. त्यानें घराचें छप्पर खालीं येत नाहीं. उलट भिंती अधिक बळकट होतात.

मित्रहो, निर्दोष घर मीं अद्याप पाहिलेलें नाहीं. ज्या मित्राच्या बंगल्याचा मी हेवा करीत असें, तो पुढें एकदां म्हणाला, "आमच्याकडे तिन्ही वेळचें जेवण तयार असे, पण पानावर मी एकटाच." तेव्हां आज घरीं गेल्यावर गळती कोठें आहे हें पाहाच, तें पाहण्यास तुमचे डोळे तयार आहेत. पण जरा थांबून हेंहि पाहा कीं, आपल्या घरांतील कोरडा कोपरा कोणता, आणि तो आपणांस देऊन रात्रभर भिजत कोण निजतें.

— एक माजी विद्यार्थी