एक बोली भिंतीसाठी

आर्ट ऑक्शन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? झुंबरं, सुटाबुटातली माणसं, हातात नंबराची पाटी आणि कोटीच्या खाली बात नाही! पेपरातल्या बातम्याही तशाच. २०१३ च्या डिसेंबरमध्ये ख्रिस्तीजनं मुंबईत आपला भारतातला पहिला लिलाव केला, तेव्हा नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडेंचं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्याच एका चित्रानं ६७ कोटी पार केले. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला हुसेनचं १९५४ मधलं ‘ग्रामयात्रा’ विकलं गेलं, साधारण ११८ कोटींना. हुसेन जन्मानं पंढरपूरचा. जवळजवळ चौदा फूट लांबीचं हे चित्र त्याआधी कित्येक वर्षं ओस्लोच्या एका हॉस्पिटलात टांगलेलं होतं. आपण हे वाचतो, ‘बाप रे’ म्हणतो आणि ईएमआयचा एसएमएस उघडतो.

पण मंडळी, हे लिलावाचं फक्त वरचं पान झालं. त्याच लिलावघरांच्या कॅटलॉगमध्ये मागच्या बाजूला कागदावरची कामं असतात. रेखाचित्रं, एचिंग, सेरिग्राफ, जुनी फिल्मी पोस्टरं. त्यांचे आकडे हजारांत सुरू होतात. आणि बोली लावायला मुंबईला जायचीही गरज नाही. सॅफ्रनआर्टनं २००० साली ऑनलाइन लिलाव सुरू केले, तेव्हा ‘कॉम्प्युटरवर चित्र बघून कोण घेणार?’ असं लोक विचारत होते. आता सगळेच घेतात. बारामतीतूनसुद्धा!

बारामतीत किंवा इंदापुरात चित्रांचा लिलाव होत नाही. तिथं लिलाव होतात ते गुळाचे, कांद्याचे, डाळिंबाचे. भिगवणला उजनीच्या मासळीचे. पण माझ्या मावसभावानं गेल्या पावसाळ्यात बारामतीच्या आपल्या नव्या फ्लॅटमधून एका ऑनलाइन लिलावात नाव नोंदवलं. पोरगा एमआयडीसीत इंजिनीअर आहे, वय वर्षं सव्वीस. हॉलमध्ये दहा फुटांची पांढरी भिंत, आणि तिच्यावर मॉलमधलं फ्रेमवालं ‘आर्ट’ लावायचं नाही ही जिद्द. मी कलेवर चार लेख लिहिलेत म्हणून मला पुण्याहून बोलावलं. प्रत्यक्षात एक्सपर्ट निघाले काका. म्हणजे त्याचे वडील, ज्यांनी तीस वर्षं बारामतीच्या मार्केट यार्डात गूळ घातलाय आणि आयुष्यात एकही आर्ट गॅलरी बघितलेली नाही.

भाऊ ज्याच्या प्रेमात पडला होता ते एका ज्येष्ठ चित्रकाराचं सेरिग्राफ होतं. (नाव सांगत नाही, उगाच भाव वाढेल.) सेरिग्राफ म्हणजे स्क्रीन प्रिंट. एकेका रंगासाठी वेगळी जाळी वापरून ठरावीक प्रती काढतात, खाली चित्रकाराची पेन्सिलनं सही आणि ४५/१०० असा आकडा. शंभरांतली पंचेचाळिसावी प्रत, इतका साधा अर्थ. पंचेचाळीस नंबर म्हणून ती पहिल्या प्रतीपेक्षा हलकी, असं काही नसतं.

काकांनी चष्मा चढवून स्क्रीनकडे बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला, “माल बघितलास का?”

“बाबा, फोटो आहे ना. झूम होतो.”

“फोटोत गूळ पण पिवळाधमक दिसतो. ढेप फोडून बघितल्याशिवाय कोण बोली लावतं?”

कॉलेजात मास कॉमच्या दोन वर्षांत मला कुणी इतकं नेमकं काही शिकवलं नाही. मोठी लिलावघरं लिलावाआधी प्रिव्ह्यू ठेवतात, तिथं जाऊन चित्र फुकट बघता येतं. जाता येत नसेल तर ‘कंडिशन रिपोर्ट’ मागायचा, मेलवर मिळतो. कागद पिवळा पडलाय का, डाग आहेत का, कडा कापल्यात का, मागे पुठ्ठ्याला चिकटवलंय का, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. भावानं हा रिपोर्ट मागवलाच नव्हता. मेल केला, दुसऱ्या दिवशी आला. डाव्या कोपऱ्यात पाण्याचा फिकट डाग, चौकटीच्या आत झाकला जाईल असा. काका म्हणाले, “मग चालेल. पण डागाचा भाव डागासारखा.”

मालाबरोबर कागदपत्रंही बघायची. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, कुठल्या गॅलरीची पावती आहे, कुठल्या पुस्तकात छापून आलंय. याला प्रोव्हेनन्स म्हणतात, आपण सातबारा म्हणू या. हा उतारा कोरा असेल तर कितीही मोठी सही असली तरी हात आखडता घ्यायचा. नकली चित्रांचा धंदा काय थराला जातो? २००९ च्या जानेवारीत सय्यद हैदर रझा दिल्लीत आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले आणि भिंतीवरची बरीचशी चित्रं आपली नाहीतच, हे त्यांच्या तिथंच लक्षात आलं. खुद्द चित्रकार हयात असताना ही गत!

काकांचा दुसरा प्रश्न, “आडत किती?”

आता इथं भल्याभल्या सुशिक्षितांची विकेट पडते. स्क्रीनवर दिसणारी बोली म्हणजे हॅमर प्राइस. त्यावर लिलावघराचा बायर्स प्रीमियम, बऱ्याच ठिकाणी वीस टक्क्यांच्या आसपास. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी. चित्रावर जीएसटी लागू असेल तर तो वेगळा. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत हा १२ टक्के होता, मग ५ वर आला. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. बोली ५० हजारांवर थांबली तर प्रीमियम १० हजार, त्यावरचा टॅक्स १,८००, चित्रावरचा २,५००. झाले ६४,३००. मग पॅकिंग, कुरिअर आणि फ्रेम. दरवेळी प्रत्येक घराचे नियम आधी वाचायचे, कारण टक्केवारी बदलते.

“आणि विकणाऱ्याकडून काही घेत नाहीत?” काका.

घेतात की. सेलर्स कमिशन.

“म्हणजे दोन्हीकडून कापतात!” काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. आपल्याकडे शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत कापली जाते म्हणून वर्षानुवर्षं बोंब होती. २०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला, त्यावरून केवढा गदारोळ झाला. आणि इथं झुंबराखाली दोन्ही खिशांत हात, वर सगळे टाळ्या वाजवतात.

तिसरी गोष्ट मीच सांगितली, आपली हुशारी दाखवायला. म्हटलं, काका, कॅटलॉगमध्ये अंदाजे किंमत असते, पण त्याखाली एक ‘रिझर्व्ह’ असतो. त्याच्या खाली बोली राहिली तर माल विकत नाहीत. तो आकडा फक्त मालक आणि लिलावघर यांनाच माहीत. “हां, म्हणजे रुमालाखालचा भाव,” काका म्हणाले. पूर्वी बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदे व्हायचे. बाजार समितीच्या कायद्यानं उघड लिलाव आणला तो हेच मोडायला. रिझर्व्ह सहसा अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा जास्त नसतो, एवढाच दिलासा.

भावाचं बजेट सगळं मिळून ७५ हजार. उलटा हिशोब केला तर बोली ५८ हजारांच्या पुढे जायला नको. बोली चढत होती पाच-पाच हजारांनी, म्हणजे खरी मर्यादा ५५. हा आकडा काकांनी कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं लिहून लॅपटॉपच्या मागे भिंतीला टेकवला.

लिलाव संध्याकाळी संपणार होता. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत ४०. मग कुणीतरी ४५ केले. आम्ही ५०. घड्याळ संपत आलं की शेवटच्या मिनिटांत आलेल्या बोलीनं वेळ पुन्हा वाढते, त्यामुळे ‘शेवटच्या सेकंदाला क्लिक’ हा ईबेवाला फण्डा इथं चालत नाही. समोरच्यानं ५५ केले. आता आपली पाळी ६०. भावाचा अंगठा टचपॅडवर. मावशी चहा घेऊन दारातच उभी. ‘ताई, एकच!’ तो माझ्याकडे बघून म्हणाला. खरं सांगू? मी ‘मार’ म्हणणार होते. समोर कोण आहे, तो किती जाईल, काही माहीत नसतं आणि त्या क्षणी चित्रापेक्षा तो अनोळखी माणूस हरायला हवा असं वाटतं. सगळी लिलावघरं या एका भावनेवर चालतात.

काका काही बोलले नाहीत. कॅलेंडरवर बोट ठेवलं. घड्याळ संपलं.

तो दोन तास कुणाशी बोलला नाही. मी मात्र रात्री त्याला पोस्टरांकडे वळवलं, कारण आपल्या पगारात लिलावाची मजा तिथं जास्त आहे असं माझं ठाम मत आहे. मराठी माणसानं तर पोस्टरला स्वस्तातली कला म्हणूच नये. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत गणलं जातं. हुसेननंही सुरुवातीच्या दिवसांत मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलं.

पोस्टरमधली मेख अशी की तेच चित्र तीन वेळा छापलेलं असू शकतं. सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा, मग री-रिलीजला आणि मग गेल्या वर्षी कुठल्यातरी डिजिटल प्रेसवर. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक! आपल्याकडचा नेहमीचा साइझ ३० बाय ४० इंच. त्याहून बारीक दिसलं तर विचारा. जुनी पोस्टरं घड्या घालून थिएटरांना पाठवली जायची, म्हणून घडीची रेघ हा दोष नाही, उलट ओळखपत्र आहे. पण हुशार लोक घडीसकट स्कॅन करून छापतात. तेव्हा बोट फिरवून बघा. रेघ दिसते पण लागत नाही? मग परत ठेवा. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर हा सराव फुकटात करता येतो, दुकानदार चहासुद्धा पाजतात.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही इंदापूरला आजीकडे गेलो, आजोळ आमचं दोघांचंही तिथलंच. आजीच्या देवघरात एक लक्ष्मी आहे, लहानपणापासून बघतोय. काच धुरकट, साडीला खऱ्या जरीच्या पट्ट्या आणि टिकल्या चिकटवलेल्या. पूर्वी बायका हौसेनं अशी चित्रं सजवायच्या. भावाच्या डोक्यात अजून लिलावच. त्यानं तसबीर उतरवली, मोबाइलचा टॉर्च मारला. खाली बारीक इंग्रजी अक्षरं, रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

हा छापखाना आपल्याच पुणे जिल्ह्यातला. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांजवळ हलला. जर्मन यंत्रं, दगडावर एकेका रंगाची छपाई आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेले देव. भाऊ लगेच गुगलवर. मी त्याला जमिनीवर आणलं. रवि वर्मांची तैलचित्रं कोटींत जातात, ती राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर नेता येत नाहीत. ही मात्र छापील प्रत. अशा ढिगानं निघाल्या, कमी राहिल्या त्या चांगल्या अवस्थेतल्या. जरीकाम केलेल्यांना वेगळे शौकीन असतात. तरी पैसे येतील, भिंतीसाठी पुरतील एवढे तरी येतीलच, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आजीनं ते वाचलं. “विकायची असली तर विका बाबा,” ती म्हणाली, “मी काय वर घेऊन जाणारे? पण दिवाळी होऊ द्या. लक्ष्मीपूजनाला मी पाटावर काय ठेवू, तुझा लॅपटॉप?”

तसबीर परत खिळ्यावर गेली. जाण्याआधी आम्ही मागची फळी उघडून बघितली. कसर लागायला सुरुवात झाली होती, कागद पुठ्ठ्याच्या आम्लानं तपकिरी पडत चालला होता. पुण्यात कागदाचं कॉन्झर्व्हेशन करणाऱ्यांकडे चौकशी केली आहे. चित्र न धुता, जरी न काढता, फक्त आम्लविरहित पुठ्ठा आणि चित्राला न टेकणारी काच. हा खर्च भाऊ करणार आहे, त्या राहिलेल्या ७५ हजारांतून.

पोस्टरांचा पुढचा लिलाव महिनाअखेरीला आहे. दोन लॉट्सवर त्याचा डोळा आहे, दोन्हींचे कंडिशन रिपोर्ट आलेत. काल काकांचा मला फोन होता. मेलमध्ये ‘फोल्ड लाइन्स’ असं लिहिलंय, ती घडी खरी की छापलेली, हे लिलावघराला इंग्रजीत कसं विचारायचं?